बर्फातली खुर्ची

२१ ऑगस्ट

सामान आलं, पण निम्मंच. बाकीचं कुठे आहे विचारलं तर ट्रकवाला म्हणतो, बहुतेक इंडियानात राहिलं. जेवणाच्या टेबलाच्या सहा खुर्च्या होत्या, त्यातल्या तीन पोचल्या. मी कपाळाला हात लावून पायरीवर बसले. ब्रिएल म्हणाली, "अगं ममा, आपण तिघंच तर आहोत. बरोब्बर आल्यात." तेरा वर्षांची आहे, तिला सगळं बरोब्बरच वाटतं.

थेरनला, तिच्या मोठ्या भावाला, ते ऐकूच गेलं नाही. मिनेसोटा सोडलं तेव्हा त्याने कानात जी गाणी कोंबली ती अजून काढलेली नाहीत. ओहायोत पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा तेवढी काढली आणि सरळ विचारलं, "मला तिथे नाही जमलं तर?" मी दमले होते. म्हणून टाकलं, जानेवारीच्या शेवटी पहिलं सत्र संपेल, तोवर राहा. तरीही नकोच वाटलं तर लिंडक्विस्टांकडे परत जा आणि तिथून शाळा संपव. अँडर्स लिंडक्विस्ट त्याचा जिवलग मित्र, आणि त्याच्या आईने वरची खोली देऊ केलेलीच आहे. "शब्द?" म्हणाला. "शब्द," म्हटलं.

आता जीभ चावून काय उपयोग. ज्याच्यासाठी सगळा संसार उचलून बाल्टिमोरला आणला, तोच परत गेला तर मी इथे काय करायचं?

२४ ऑगस्ट

ही गल्ली मी कशी निवडली ते लिहून ठेवते, म्हणजे पुढे स्वतःला शिव्या घालताना आठवेल.

एप्रिलमध्ये एकटी येऊन तीन गावं पाहिली. प्रत्येक ठिकाणी शाळा सुटायच्या वेळेला समोर गाडी लावून बसायचे. काळी पोरं एका दाराने आणि गोरी दुसऱ्या दाराने बाहेर पडतात की मिसळून, एवढंच बघायचं. इथे मिसळून पडली. एक काळा, एक गोरा आणि एक बहुतेक नेपाळी असे तिघं एकाच पिशवीतले चिप्स खात, एकमेकांना ढकलत गेले. मग औषधांच्या दुकानात जाऊन केसांच्या तेलांचं कपाट पाहिलं. मिनेसोटातल्या आमच्या एल्म लेकला आमच्या केसांच्या दोनच बाटल्या असायच्या, त्याही काचेच्या कपाटात कुलूप लावून. मागितली की दुकानातली मुलगी किल्ली घेऊन यायची आणि बाटली हातात धरून पैसे भरेपर्यंत माझ्या मागे चालायची. शॅम्पूला नाही, आमच्याच तेलाला. इथे भिंतभर बाटल्या उघड्या होत्या. मला त्या दुकानात रडू आलं, खोटं कशाला बोलू.

घर भिंतीला भिंत लागून असलेलं, पुढे चार पायऱ्या, गाडी रस्त्यावर. डावीकडे मिस अर्नस्टीन प्रुइट, आमच्यासारखीच काळी, शाळेच्या बसवर ड्रायव्हर होती, आता निवृत्त. उजवीकडे रिगो, एल साल्व्हादोरचा, छपरं घालतो. समोर एक म्हातारा पोलिश, दिवसभर पायऱ्या धूत असतो. मला हवं होतं ते सगळं जुळलंय. मग मला झोप का येत नाही?

२९ ऑगस्ट

दाराची बेल वाजली. मी उघडलं नाही. भोकातून पाहिलं, शेजारची मिस अर्नस्टीन होती. हातात झाकलेलं काहीतरी. बराच वेळ थांबून गेली.

मला माहीत आहे, वाईट दिसतं. पण बेल वाजली की माझा हात कडीकडे जातच नाही. मार्चपासून.

थेरन शाळेच्या संघातून लांब पल्ल्याचं पळायचा. संध्याकाळी तळ्याला फेरी मारायचा, आम्ही तिथे राहायला गेल्यापासून. मार्चमधल्या त्या दिवशी कुणीतरी पोलिसांना फोन केला की एक काळा माणूस घरांच्या मधून पळत सुटलाय. दोन गाड्या आल्या. माझ्या पोराला हात डोक्यावर ठेवायला लावून रस्त्याच्या कडेला बसवलं, ओल्या बर्फात. शेजाऱ्यांनी पडद्यामागून बघितलं. फोन करणारी निघाली मिसेस गुंडरसन, आमच्याच रस्त्यावरची. तिच्या दारातला बर्फ थेरन पाचवीत असल्यापासून काढायचा. "टोपी घातली होती हो त्याने, मी ओळखलंच नाही," म्हणाली, आणि केळ्याचा केक घेऊन आली. मग निम्मा रस्ता केक घेऊन आला. रोज बेल वाजायची. प्रत्येकाला मीच समजूत घालायची, छे छे, तुमची काय चूक. शेवटी शेवटी मी केक न उघडताच कचऱ्यात टाकायला लागले.

मी थेरनला सांगितलं, आता बाहेर पळायचं नाही. तो "बरं" म्हणाला. पुढे आणखी एक वाक्य बोलला, "आणि मी कुणाच्या दारातला बर्फही काढणार नाही, कधीच." मुलांचा बाप तर कधीचाच डेन्व्हरला दुसरा संसार थाटून बसलाय, त्याला फोनवर सांगितलं तर म्हणे, गैरसमज झाला असेल.

३० ऑगस्ट

कालची बेल कशासाठी होती ते ब्रिएलकडून कळलं. थेरनने काल सकाळी त्या म्हातारीला "हाय अर्नस्टीन" म्हणून हाक मारली. एल्म लेकला सगळेच असे एकेरी, शिक्षकांनासुद्धा. तिने म्हणे त्याला पायरीशी उभं केलं आणि सांगितलं, "मला नुसत्या नावाने हाक मारणारा एकच माणूस होता, माझा नवरा अल्व्हिन, आणि तो वर गेला. तू मिस अर्नस्टीन म्हणायचं."

मी दक्षिणेत, आर्कान्सात लहानाची मोठी झाले. एवढ्या मोठ्या बाईला मी मिस लावल्याशिवाय हाक मारली असती तर आईने मुस्काटात दिली असती. मुलांना शिकवायचं माझ्याच डोक्यातून गेलं. एल्म लेकला शिकवून उपयोग तरी कुणाला होता? पण आठ-दहा दिवसांत दारात तक्रार. छान सुरुवात झाली.

१७ सप्टेंबर

हॉस्पिटलात नर्स म्हणून नीट रुळले. डायलिसिसचा विभाग पहाटे पाचला उघडतो, म्हणजे मी साडेचारला घरातून बाहेर. दुपारी येते तेव्हा पाय माझे राहिलेले नसतात.

ब्रिएलला मैत्रिणी मिळाल्या, इतक्या की नावं लक्षात राहात नाहीत. थेरन जेवणाच्या सुट्टीत ग्रंथालयात बसतो. तो सांगत नाही, शाळेतून फोन आला. विचारलं तर म्हणाला, "तिथे शांत असतं." खोदून खोदून विचारल्यावर कळलं. काळी मुलं त्याला हसतात. म्हणे तू गोऱ्यांसारखा बोलतोस, थंड गावचा दिसतोस.

म्हणजे तिथे रंगामुळे आणि इथे बोलण्यामुळे. मी शाळेसमोर गाडी लावून कोण कुणाबरोबर बाहेर पडतं ते पाहिलं होतं. आत एकट्याने कोण बसतं ते कारमधून कसं दिसणार?

१२ ऑक्टोबर

पहाटे गाडी काढताना बघते तर शेजारची मिस अर्नस्टीन खिडकीत. दिवा लावून, हातात कप. कालही होती. पडदासुद्धा ओढत नाही. मी मान हलवली, तिने मान हलवली.

१५ ऑक्टोबर

आजही. रोजच असते. मधे दोनदा बेलही वाजवून गेली, मी उघडलं नाही. म्हाताऱ्या माणसांना झोप कमी, मान्य. पण तिची नजर माझ्या गाडीवर नसते, आमच्या दाराकडे असते. मी गेल्यावर घरात दोन मुलं एकटी असतात हे तिला ठाऊक आहे. काही झालं की हीच पहिली फोन करणार, असं मनात येतं. रंग एक असला म्हणून काय झालं, पाळत ती पाळत.

ब्रिएलला म्हटलं, त्या बाईला घरातलं फार सांगत बसू नकोस. तिने डोळे फिरवले. "ममा, तू ना, एखाद्याने गुड मॉर्निंग म्हटलं तरी त्याचा पत्ता विचारशील."

२ नोव्हेंबर

थेरनचे बूट रोज ओले. कपडे धुवायच्या टोपलीत मोजे चिखलाचे. म्हटलं, बसस्टॉपपर्यंत काय नदीतून जातोस का? म्हणाला, शॉर्टकट आहे. खातोय मात्र राक्षसासारखा. उंची वाढत असेल. सोळाव्या वर्षी वाढतातच. काल टेबलाशी बसून चक्क शीळ घालत होता, मी आले तशी थांबली.

टोपीही नवी दिसली, लाल भडक, लोकरीची, हाताने विणलेली. शाळेत कुणीतरी दिली म्हणाला. कुणी? "आहे एक." मुलगी असेल तर देव तिचं भलं करो.

२६ नोव्हेंबर

थँक्सगिव्हिंगची सुट्टी माझ्या नशिबात नव्हती, किडनीला सण कळत नाही. आदल्या आठवड्यात मिस अर्नस्टीनने पायरीवर गाठून जेवायला बोलावलं होतं. मी म्हटलं, ड्यूटी आहे. ती म्हणाली, मग मुलांना पाठव. मी म्हटलं, बघू. बघू म्हणजे नाही, हे तिला कळायला हवं होतं. मुलांसाठी टर्कीचे तयार डबे आणून ठेवले आणि कामावर गेले.

दुपारी आले तर डबे तसेच फ्रीजमध्ये. शेजारी परकी ताटली, वर चांदीचा कागद. टर्की, हिरवी भाजी, मक्याच्या पावाचं सारण, आणि रताळं भरलेल्या गोड 'पाय'चा मोठा तुकडा. ब्रिएल म्हणाली, "तुझं ताट आहे. मिस अर्नस्टीनने सगळ्यांच्या आधी तुझं वाढून ठेवलं."

"मी पाठवते म्हटलं होतं का?"

थेरन म्हणाला, "नाही. आम्हीच गेलो."

मला राग आला, आणि लाजही वाटली. मी ताटली बाजूला सारून झोपले. उठल्यावर तो रताळ्याचा तुकडा खाल्ला, उभ्यानेच. माझ्या आईच्या हातचा असायचा तसा होता, जायफळ जास्तीचं. उरलेलंही संपवलं. ताटली धुऊन ब्रिएलच्या हाती परत पाठवली, मी गेले नाही.

१४ डिसेंबर

मिसेस लिंडक्विस्टचा फोन. बाई गोड आहे, तिच्यात खोट काढायला जागा नाही, त्याचाच त्रास होतो. वरच्या खोलीला रंग दिलाय म्हणाली, निळा, थेरनला आवडतो तो. काही घाई नाही, जानेवारीत तो ठरवेल तसं. मी आभार मानले. फोन ठेवून बाथरूममध्ये नळ सोडून बसले.

जेवताना राहवलं नाही. थेरनला विचारलं, काय ठरवलंस. त्याने काटा खाली ठेवला.

"जानेवारी संपला का?"

"नाही."

"तू शब्द दिला होतास. तोवर विचारायचं नाही."

विचारायचं नाही असं काही ठरलं नव्हतं. पण त्याच्या मनात असतं तर "राहतो" एवढा एक शब्द बोलायला काय झालं होतं? म्हणजे तो जाणारच. मी बोलून गेले, की तुझ्यासाठी मी काय काय सोडून आले तुला माहीत आहे का. तो म्हणाला, "मी सोड म्हटलं नव्हतं. तू मला काहीच विचारलं नव्हतंस, ममा. पळणं बंद करतानाही नाही आणि घर विकतानाही नाही." आणि ताट घेऊन वर गेला. ब्रिएल माझ्याकडे बघत राहिली. तिच्या तोंडावर काहीतरी होतं, पण बोलली नाही. ती गप्प बसली म्हणजे गंभीर प्रकरण.

११ जानेवारी

आमच्यात बोलणं म्हणजे दूध संपलंय आणि कचरा काढ. तेवढंच.

२२ जानेवारी, हॉस्पिटल

वादळ येणार म्हणून आम्हाला काल संध्याकाळीच बोलावून घेतलं. डायलिसिसचे रुग्ण थांबू शकत नाहीत, म्हणून नर्सनी इथेच मुक्काम करायचा. खिडकीबाहेर काहीच दिसत नाही, नुसतं पांढरं. मुलांना फोन केला. ब्रिएल म्हणाली, सगळं मस्त आहे. पाठीमागे खूप माणसांचे आवाज येत होते, आणि कुणीतरी हसत होतं. कुठे आहेस विचारलं तर म्हणाली, घरीच. मग म्हणाली, म्हणजे घराजवळ. थेरनला दे म्हटलं, तर तो बाहेर आहे. एवढ्या बर्फात बाहेर काय करतो? फोन कट झाला.

२४ जानेवारी

सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

तीन रात्री खुर्चीत झोपून आज दुपारी सुटले. रस्ते निम्मे मोकळे. आमच्या गल्लीत शिरले तर दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती, त्यात गाड्या गाडलेल्या. गाडी लावायला तसूभर जागा नाही. एकच जागा होती, साफ, तळापर्यंत खरवडलेली, बरोबर आमच्या दारासमोर. आणि तिच्या मधोमध एक लाकडी खुर्ची. स्वयंपाकघरातली जुनी, बैठकीचं पिवळं कापड फाटलेलं. माझ्या दाराकडे तोंड करून.

कुणीतरी माझ्या दारासमोरची जागा स्वतःसाठी अडवून ठेवली होती. तीन दिवस मी माणसांची रक्तं शुद्ध करतेय, आणि इथे मला सांगितलं जातंय की तुझ्या घरासमोर तू थांबायचं नाही. एल्म लेकला निदान केक तरी आणायचे. माझ्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं, इथेही, इथेही.

गाडी रस्त्याच्या मधेच सोडली. उतरले आणि खुर्चीला लाथ घातली. ती आडवी झाली तर उचलून आपटली. एक पाय मोडून लांब गेला. मी काहीतरी ओरडत होते, काय ते आठवत नाही. समोरच्या पोलिश म्हाताऱ्याने दार उघडलं आणि लावून घेतलं. गल्लीच्या टोकाला माणसं फावडी घेऊन उभी होती, रिगो आणि त्याचे भाऊ, आणि आणखी कोण कोण. सगळे थांबून माझ्याकडे बघत होते. त्यांच्यातून एक लाल टोपी पळत आली.

थेरन होता. हातात फावडं, तोंडातून वाफा.

"ममा, काय करतेस तू?"

"ही कुणाची मिजास आहे माझ्या दारात?"

त्याने फावडं बर्फात रोवलं. मग हळू म्हणाला, "तुझी. ती जागा तुझी आहे. मी काढलाय तो बर्फ. खुर्ची नसती तर कुणीही गाडी घातली असती, म्हणून मिस अर्नस्टीनने स्वतःची आणून ठेवली. इथे सगळे असंच करतात. ज्याने उपसलं त्याची जागा, आणि खुर्ची ठेवली की तिला कुणी हात लावत नाही." मोडलेल्या पायाकडे बघून म्हणाला, "कालपासून कुणी लावला नाही. तूच पहिली."

मी उभी होते तिथेच बर्फात बसले. आर्कान्सात एवढा बर्फ नव्हता आणि मिनेसोटात प्रत्येकाच्या दारात स्वतःची जागा होती. खुर्ची कशासाठी ते मला कोण सांगणार होतं? आणि सांगायला आलेल्यांना मी दार कुठे उघडलं?

मिस अर्नस्टीन पायऱ्या उतरत आली, एकेक पायरी, कठड्याला धरून. मोडलेला पाय उचलला, उलटसुलट बघितला. "अल्व्हिनची खुर्ची," म्हणाली. "तो हिच्या नावाने रोज बोटं मोडायचा. बुडाला टोचते म्हणायचा." मी माफी मागायला लागले तर तिने हात वर केला. "ऊठ जनीन, बाळा, ओली होतेस. आत चल."

तिच्या स्वयंपाकघरात बसले. ब्रिएल तिथेच होती, पीठ मळत, घरचीच असल्यासारखी. या तीन दिवसांत दोघं जेवली, झोपली, सगळं तिथेच. मी म्हटलं, तुम्ही मुलांना फार केलंत. आणि मग माझ्या तोंडून निघालंच, "तुम्ही रोज पहाटे आमच्या दाराकडे बघत असता ते मला आवडत नाही."

ब्रिएलने मळणं थांबवलं. मिस अर्नस्टीनने आधी थेरनकडे बघितलं. "अजून सांगितलं नाहीस?" त्याने मान खाली घातली.

"मुलगा पळतो," ती म्हणाली. "तू गेलीस की पाच मिनिटांनी. चर्चपर्यंत जातो आणि नदीच्या कडेने येतो. पहिल्या दिवशी मी त्याला दारात गाठलं. म्हटलं, कुठून कुठे पळतोस ते मला सांगून जा. त्याने तुमच्या त्या गावातली गोष्ट सांगितली. मी त्याच दिवशी त्याच्या वाटेवरची सगळी घरं फोनवर घेतली, पार चर्चपर्यंत. वीस-बावीस वर्षं त्यांची पोरं माझ्या बसमध्ये बसलीत, माझा फोन कोण नाही घेणार? सांगितलं, पहाटे लाल टोपी घालून पळणारा मुलगा जनीनचा आहे. त्याला बघून कुणी कुठे फोन करायचा नाही. टोपी मी विणली, लांबून ओळखू यावी म्हणून. तो परत येईपर्यंत मी खिडकीत बसते. झोप काय, दुपारी होते."

मनात आधी आलं तेच बोलले, "माझ्या मुलाचं मला माहीत नाही आणि अख्ख्या गल्लीला माहीत."

"तुला सांगायलाच येत होते," म्हणाली. "बेल वाजवली की तू भोकातून बघायचीस. तुझी सावली दिसायची दाराखालून."

मी रडले. दमून रडतात तसं, आवाज न करता, नाक पुसत. तिने पुढ्यात कॉफी ठेवली आणि ब्रिएलला म्हणाली, पीठ सोडू नकोस, कडक होईल.

संध्याकाळी थेरन गाडी त्या जागेत घ्यायला मदत करत होता. म्हटलं, कुणाचा बर्फ काढणार नाही म्हणाला होतास. म्हणाला, "हो." आणि रिगोच्या गाडीकडे फावडं घेऊन गेला.

२५ जानेवारी

सुट्टी होती, पण साडेचारला जाग आली. अंथरुणात पडून ऐकलं. जिना करकरला, दार हळूच लागलं. उठून खिडकीशी गेले. लाल टोपी कोपऱ्यावरून वळली, बाजूच्या खिडकीत दिवा. मला घाम फुटला होता, खोटं कशाला लिहू. कधीच जाणार नाही ती भीती, असं वाटतं. तो परत येईपर्यंत उभी होते. आला तेव्हा मला बघून दचकला. मी म्हटलं, मोजे टोपलीत टाकू नकोस, आधी खळबळून घे. "बरं," म्हणाला.

३१ जानेवारी

काल पुन्हा बर्फ पडला. सत्र परवा संपलं. तारीख आली आणि मी विचारलं नाही. शब्द दिला होता त्याला, आणि विचारण्याचा हक्क मला किती आहे तेही आता नक्की माहीत नाही.

आज रविवार, मिस अर्नस्टीनची भाची तिला चर्चला घेऊन गेली. थेरनने सकाळीच तिच्या दारासमोरची जागा उपसून ठेवली होती, भाचीच्या गाडीसाठी. अल्व्हिनची खुर्ची माझ्यामुळे नाही. रिगोने तिला खिळे मारून दिलेत, पण उभी राहत नाही. ओळखीच्या कुणाकडे मागायची तर मला अजून लाज वाटते. मग मी आमच्या टेबलाची एक उचलली, माझी, खिडकीकडची, आणि बाहेर नेऊन त्या जागेच्या मधोमध ठेवली. थोडी तिरकी बसली, सरळ केली. समोरचा पोलिश म्हातारा पायऱ्यांवर मीठ टाकत होता. त्याने बघितलं आणि टोपीला हात लावला.

रात्रीचं जेवण लवकर वाढलं. मांस आणि वाटाण्यांचं कढण. दोन खुर्च्या, दोघं बसली, मी ओट्याला टेकून उभी. ब्रिएल म्हणाली, "आता दोनच उरल्या. थेरन गेला तर पुन्हा बरोब्बर होतील." ती मुद्दाम बोलली. अशा वेळी तिला चिमटा काढावासा वाटतो.

थेरनने कढणात पाव बुडवला, खाल्ला. मग उठला, स्वतःची खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि ताटली घेऊन ओट्याशी उभा राहिला.

"त्या इंडियानातल्या तीन खुर्च्यांसाठी फोन कर ममा," म्हणाला. "बाहेरची आता या हिवाळ्यात तरी परत येत नाही. पुढच्या हिवाळ्यातही लागणारच."

मी बसले. खुर्ची त्याच्या अंगाने गरम होती. ब्रिएलने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या, मी तिला टेबलाखालून लाथ मारली. मी त्याच्या ताटलीत आणखी एक पळी कढण वाढलं.

उद्या मिसेस लिंडक्विस्टला फोन करायचा आहे. निळा रंग दिला बिचारीने. आणि ट्रकवाल्याला.